तीन चपात्या भागिले अर्धा

श्रुतिका तावडेची पुठ्ठ्याची वर्तुळं रिक्षात राहिली आणि रिक्षा गोरेगावच्या दिशेने दिसेनाशी झाली. चारकोपच्या शाळेत लागून तिला वर्ष होत आलं होतं. आज मुख्याध्यापक भाऊराव सर तिचा पाठ बघणार होते आणि तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते ठरवणार होते. पाठ होता अपूर्णांकांच्या भागाकाराचा. वर्तुळं नाहीत म्हटल्यावर तिने आपला जेवणाचा डबाच वर्गात नेला.

त्यात आणखी एक पंचाईत होती. वरच्या मजल्याची दुरुस्ती चालू असल्याने सहावीच्या दोन्ही तुकड्या एकाच हॉलमध्ये बसत, मध्ये नुसता प्लायवूडचा आडोसा. पलीकडची तुकडी जयंतीबाईंची. त्यांना सगळी शाळा वचकून असे, भाऊराव सरसुद्धा. श्रुतिकाच्या वर्गात फार गलका होतो अशी तक्रार त्यांनी आधीच केलेली होती. म्हणून श्रुतिकाने मुलांना बजावलं होतं, "आज कितीही येत असलं तरी हळू बोलायचं."

"या तीन चपात्या," ती दबक्या आवाजात म्हणाली. "प्रत्येकाला अर्धी द्यायची. किती जणांना मिळेल?"

तिचा वर्ग शहाण्यासारखा कुजबुजला. खणखणीत "सहा!" आलं ते पलीकडून.

मागच्या बाकावर बसलेल्या भाऊराव सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"पण बाई," निधीने विचारलं, "भागलं की कमी होतं ना? मग तीनचे सहा कसे काय झाले?"

"अगं, तुकडे केले ना, म्हणून!" आडोशावरून चैतन्यचं डोकं उगवलं.

"तू उतर ना रे! तुझा वर्ग नाय हा!" निधी म्हणाली.

"मग चपात्या दिसणार कशा?"

ते पलीकडच्या सगळ्यांनाच पटलं. पोरं भराभर बाकांवर चढली आणि आडोशाला लोंबकळली. आडोसा करकरला, वाकला आणि हळूच आडवा झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण आता समोर उभ्या होत्या खुद्द जयंतीबाई, हातात खडू घेऊन.

जयंतीबाई तरातरा पुढे आल्या आणि निधीला सरकवून बाकावर बसल्या.

"श्रुतिका, दोन तृतीयांशाने भागलं तर गं? आम्ही आपलं 'उलटा करा आणि गुणा' एवढंच सांगतो. उलटा का करायचा, हे मलाच कधी कळलं नाही."

श्रुतिकाने सरांकडे पाहिलं. थाप मारता आली असती. पण इतक्या मोठ्या बाईने पोरांदेखत खरं बोलल्यावर तिला खोटं बोलवेना.

"मलाही नाही सांगता येणार, बाई. करून बघावं लागेल."

"मग बघू या ना! चैतन्य, माझा डबा आण."

डब्यात दोन भाकऱ्या होत्या. श्रुतिकाने प्रत्येकीचे तीन सारखे तुकडे केले आणि दोन-दोन तुकडे एकेकाच्या हातावर ठेवले. बरोबर तिघांना मिळाले.

"म्हणजे आधी तीनने गुणलं, मग दोनने भागलं!" निधी ओरडली.

"उलटा झाला की गं आपोआप!" जयंतीबाई तिच्याहून मोठ्याने ओरडल्या. निवृत्तीला आलेली ती बाई लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. श्रुतिकाचे डोळे भरून आले. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं शिकणं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

भाऊराव सर उठले.

"वर्गात शिस्त अजिबात नव्हती," ते म्हणाले. श्रुतिकाने मान खाली घातली. "एक विद्यार्थिनी हात वर न करता सारखी मध्ये मध्ये बोलत होती. बाकी पाठ झकास. श्रुतिकाबाई, तुम्ही कायम."

सगळ्यांनी जयंतीबाईंकडे पाहिलं. शाळेत सरांनी त्यांना सुनावण्याची ही पहिलीच वेळ. आता सरांचं काही खरं नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

जयंतीबाईंनी निमूटपणे हात वर केला.

"सर, उद्या पण मी इथेच बसू?"