ज्याचं टपाल त्याला

किसनमामांच्या ओसरीत दोन खुंट्या, आणि दोन खुंट्यांवर दोन पिशव्या. खाकी पिशवी डॉक्टरीणबाईंची, तिच्यात शुगरच्या गोळ्या. लाल पिशवी वैद्यबुवांची, तिच्यात तेल, काढा आणि चूर्ण. एकीतली वस्तू चुकून दुसरीत गेली तर मामा असे दचकायचे, जसं काही हट्टा गावचं पत्र वसमतला पोचलंय.

मामा जन्मभर पोस्टमन. आखाडा बाळापूरच्या आसपासची खेडी त्यांनी आधी पायी तुडवली, मग सायकलीवर. रिटायर झाले, शांतामामीही गेल्या, पण पोस्ट काही अंगातून गेलं नाही. कोणी कोणाची चौकशी केली की बोट वर करून एकच उत्तर, "ज्याचं टपाल त्याला!" मी त्यांची भिंतीला भिंत लागून शेजारीण. माझी शिलाईमशीन दारातच, त्यामुळं गावातली बातमी माझ्यासमोरून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. मामांच्या तोंडून मात्र एक शब्द सुटेल तर शपथ.

त्यांच्या पायांना मुंग्या यायच्या. संध्याकाळी ओसरीत पाय झटकत बसायचे आणि मला हाक मारून मुंग्यांची जातसुद्धा सांगायचे. "सुमन, आज काळ्या न्हाईत बरं का. लाल हायत. चावून राहिल्यात नुसत्या!" काळ्या म्हणजे झिणझिण्या, लाल म्हणजे आग. मी म्हणायची, "मामा, साखर टाका त्यायला." की ते म्हणायचे, "साखरंच्याच तर हायत त्या, पोरी!"

एवढं कळत होतं त्यांना. पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी कोणाचं औषध चालू आहे का?" की मामा म्हणणार, "न्हाई." वैद्यबुवांनी विचारलं, "डॉक्टरची गोळी घेता का?" तरी "न्हाई." दवाखान्यात जायच्या दिवशी तर काढ्याचा वास येऊ नये म्हणून चार-चार वेळा चूळ भरायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, खरं सांगायला काय जातंय?" तर म्हणाले, "दोघायलाबी वाईट वाटंल गं. त्या बाईचं टपाल बुवाला काहून द्यावं?"

एकदा बसस्टँडवर घाम फुटून, हातपाय थरथरून मटकन खाली बसले. शुगर एकदम उतरली होती. गोळीही शुगर उतरवायची अन् काढाही. दोन्ही औषधांची खुंटीवर ओळख नव्हती, त्यांची पोटात गाठ पडली. गोड चहा पाजून लोकांनी घरी आणलं. मामांनी ही गोष्टसुद्धा ना बाईंना कळू दिली, ना बुवांना.

मग एक दिवस मामा पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारात. चेहरा कसा फुललेला! "मुंग्या गेल्या, सुमन! आठ दिवस झाले, एकबी न्हाई. नरसीच्या देवाला नारळ फोडून आलो." अनवाणीच आले होते. मी पेढा तोंडात टाकला आणि माझं लक्ष खाली गेलं. माझ्या मशीनजवळची एक टाचणी मामांच्या टाचेत अर्धी रुतलेली. मी वाकून ती उपसली, रक्ताचा थेंब आला, आणि मामा आपले नरसीच्या गर्दीचं सांगतायत!

"अहो मामा, टाचणी टोचली तरी कळंना?"

"एवढी खेडी तुडवली, तळवा दगडाचा झाला," मामा म्हणाले. आम्ही दोघं हसलो. मी तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. वर मामांनी बजावलं, "कोणाला सांगू नको हां. ज्याचं टपाल त्याला." आणि मी मेली खरंच गप्प बसले. गावभर तोंड चालतं माझं, आणि नेमकं तिथंच शिवून घेतलं.

थंडीत मामांनी चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून पायांना शेक घेतला. सकाळी ओसरीवर त्यांच्या पावलांचे ओले ठसे दिसले. मला वाटलं, पाय धुतले असतील. जवळ जाऊन बघितलं, तर उजव्या पावलाला लिंबाएवढा फोड येऊन फुटलेला. मामा निवांत चहा पीत होते.

नांदेडच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली.

परत आल्यावर मीच दोन्ही पिशव्या खुंटीवरून काढल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओतल्या. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी वैद्यबुवांना फोन करून बोलावून घेतलं. दोघांनी मिळून एकेक बाटली बघितली. गोळी वेळेवर, तेल पायाला हलक्या हातानं, बोटांच्या बेचक्यात नाही. काढा आणि चूर्ण बंद. शेक तर कधीच नाही. वैद्यबुवा कळवळून म्हणाले, "किसनराव, मी विचारलं होतं, पायाला गरम-गार कळतं का म्हणून! तुम्ही 'कळतं' म्हणालात. बधिर पायाला मी शेक घेऊ दिला असता का?"

बाई मामांना म्हणाल्या, "काका, मुंग्या म्हणजे तुमच्या पायाचं टपाल होतं. ते यायचं बंद झालं, आणि तुम्ही पेढे वाटले."

मामांनी मान खाली घातली. मी माझ्या तोंडात विरघळलेला तो पेढा आठवत भिंतीला टेकून उभी राहिले. ती टाचणी मी तेव्हाच इथं आणून दाखवली असती, तर ती दोन बोटं आज पायाला असती.

रिक्षात मी त्यांना विचारलंच, "मामा, बुवांना 'कळतं' असं खोटं काहून सांगितलं?"

मामांनी पायाची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "खोटं न्हाई गं. मला ते कधी बघावंच लागलं न्हाई. शांता होती तवर वीट आधी ती आपल्या गालाला लावायची. 'चालंल' म्हणायची, मग माह्या पायाला. गरम-गाराचं टपाल तिच्याच पत्त्यावर जायचं. ती गेली, तरी मी आपला तोच पत्ता धरून बसलो."

आता ओसरीत एकच खुंटी आहे, एकच पिशवी. रोज सकाळी मी मशीनवर बसायच्या आधी मामांचे तळवे बघते आणि पाय धुवायच्या पाण्यात कोपर बुडवते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "कोमट आहे मामा, घाला पाय." मामांनी पाय उचललाच नाही, नुसते माझ्याकडं बघत राहिले.

मला कळायला जरा वेळ लागला. मी परत कोपर बुडवलं आणि म्हटलं, "चालंल."

मामांनी पाय पाण्यात घातला.