स्वर्गवास पडताळणी उपसमिती

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कब्रस्तानात दगड बसवायचा असेल, तर पंचकमिटीकडे रीतसर अर्ज करावा लागतो. दगडाची लांबी-रुंदी आणि त्यावर कोरायचा मजकूर, एवढंच त्यात लिहायचं असतं. मी गेली चौदा वर्षं या कमिटीचा चिटणीस आहे. या काळात लांबी-रुंदीवरून तीनदा हातघाई झाली, पण मजकुरावरून कधी शब्दही निघाला नाही, कारण मजकूर कुणी वाचतच नसे. फेब्रुवारीत झुंबरबाईंचा अर्ज आला, आणि तो नेमका काकासाहेबांनी वाचला.

झुंबरबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचे यजमान अंगद नोव्हेंबरात गेले. अर्ज नात रेश्मानं लिहिलेला, खाली आजीचा अंगठा. तीन बाय दोनचा दगड. डाव्या अंगाला ‘स्वर्गवासी अंगद’ कोरायचं आणि उजवं अंग झुंबरबाईंसाठी कोरं ठेवायचं. पुणतांब्याचा पाथरवट दगड तयार ठेवून बसला होता.

“स्वर्गवासी?” अध्यक्ष काकासाहेब चष्मा काढून म्हणाले. “हे ठरवलं कुनी?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरोखरच कुणी ठरवलं नव्हतं.

“ह्यो मानूस अकरा वर्सं चर्चची पायरी चढला न्हाई. पीत हुता. भर नाताळात, माईक चालू असताना, मला ढोल्या म्हनला. आन आपन कमिटीच्या शिक्क्यानिशी लिहून द्यायचं, का ह्यो स्वर्गात हाय म्हनून? उद्या वर काही भलतंच निघालं तर जबाबदार कोन?”

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, नुकतेच बदलून आले होते. ते हळूच म्हणाले, “हा अधिकार देवाचा आहे, काकासाहेब.”

“अधिकार त्याचाच हो! आपन फकस्त स्थानिक पातळीवर छाननी करून शिफारशीसह वर पाठवायचं.”

त्याच बैठकीत स्वर्गवास पडताळणी उपसमिती नेमली गेली. काकासाहेब अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका राजेश्वरीबाई सदस्य, मी सदस्य-सचिव. पाळकसाहेब कायम निमंत्रित. मताचा अधिकार नाही, कारण ते पगारी आहेत.

राजेश्वरीबाईंनी आठ दिवसांत शंभर गुणांची पत्रिका तयार केली. हजेरीला पन्नास गुण, वर्तनाला वीस, गायनाला दहा, असं करत शेवटी शेजाऱ्यावरच्या प्रीतीला पाच. प्रीती मोजण्याची सोय नसल्यानं तिचा भार कमी ठेवला होता. उत्तीर्ण होण्यासाठी पस्तीस.

अंगदच्या बाबतीत एकच पेच पडला. दर नाताळात उपासनेच्या वेळी गावची लाईट जाते. तेव्हा हा माणूस मागच्या फाटकातून यायचा, चर्चचा जनरेटर सुरू करायचा, शेवटच्या गीतापर्यंत त्याच्यापाशी उकिडवा बसायचा आणि प्रसाद न घेता निघून जायचा. आता ही हजेरी धरायची की नाही? तो आवारात होता, पण इमारतीत नव्हता. आम्ही अर्धी हजेरी धरली. मात्र जनरेटरच्या आवाजानं प्रवचनात व्यत्यय यायचा, म्हणून त्यातले काही गुण वजा केले. बेरीज अकरा आली.

झुंबरबाईंना सुनावणीला बोलावलं. रेश्मानं त्यांना हाताला धरून आणलं.

“आक्का, बसा,” काकासाहेब म्हणाले. “निकाल काय चांगला न्हाई. अंगदला शंभरात अकरा पडले.”

“शाळंत तर याहून बी कमी पडायचं त्याला,” झुंबरबाई म्हणाल्या. “मंग? काय झालं म्हनायचं?”

“स्वर्गवासी लिहिता यायचं न्हाई.”

“मग हाय कुठं त्यो?”

काकासाहेबांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी टेबलाकडे पाहिलं. विधवेच्या तोंडावर नरक म्हणू नये एवढी सभ्यता आमच्या मंडळीत आहे.

“दुसऱ्या ठिकानी,” काकासाहेब म्हणाले.

“आगीच्या?”

“व्हय.”

झुंबरबाईंनी जरा विचार केला. “तीस वर्सं कारखान्याच्या बॉयलरवर काढली त्यानं. आगीचं काय न्हाई त्याला. पर गार भाकर खात न्हाई त्यो.”

“आजी, तिथं गार काहीच नसतं,” राजेश्वरीबाईंनी माहिती पुरवली.

“असं व्हय? मग माजं नाव बी तिकडंच घाला.”

नरकासाठी स्वेच्छेनं आलेला हा पहिलाच अर्ज होता आणि त्याचा नमुना आमच्याकडे नव्हता. मी झुंबरबाईंचं रजिस्टर काढलं. शहाण्णव गुण. चार गुण प्रवचनात डुलक्या घेतल्याबद्दल गेलेले.

“आक्का, तुमाला तिकडं जाता यायचं न्हाई,” काकासाहेब समजुतीनं म्हणाले. “तुमच्यावर अन्याय व्हईल.”

“आरं, पन्नास वर्सं रोज भांडले मी त्याच्यासंगं. वर जाऊन कुनाशी भांडू? तुज्याशी?”

काकासाहेबांनी ही शक्यता मनात आणून पाहिली असावी, कारण ते घोटभर पाणी प्याले.

“दगूड मागनं लावा,” झुंबरबाई उठता उठता म्हणाल्या. “मला एवढंच सांगा, आमची गाठ पडंल का न्हाई. माजं दिस भरत आल्यात, बाबा. लवकर सांगा.”

त्यांच्या अर्जावर मी ‘तातडीचे’ असा शेरा मारला आणि फाईल पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठेवली.

त्या बैठकीत राजेश्वरीबाईंनी न्यायाचा मुद्दा काढला. अंगदला जो नियम लावला तोच सर्वांना लावला पाहिजे, नाहीतर तो पक्षपात होईल. कब्रस्तानात ‘स्वर्गवासी’ कोरलेले चौसष्ट दगड आहेत. ते कुणाच्या परवानगीनं स्वर्गवासी झाले? त्यांची फेरतपासणी व्हावी.

फेरतपासणी झाली. जुनी रजिस्टरं काढली, म्हाताऱ्यांच्या साक्षी घेतल्या. चौसष्टपैकी तिघं उत्तीर्ण झाले, आणि त्यातली दोन तान्ही मुलं होती. बाकीचे एकसष्ट नापास. त्यात मंडळीचे पहिले गायक होते, राजेश्वरीबाईंच्या सासूबाई होत्या (याचं राजेश्वरीबाईंना फार आश्चर्य वाटलं नाही), आणि चर्चला घंटा देणारे काकासाहेबांचे वडील होते. वडिलांना एकोणीस गुण. त्यांनी घंटा दिली होती, पण ती वाजल्यावर ते आलेले कुणाला आठवेना.

तिसऱ्याच दिवशी काकासाहेबांनी तातडीची सभा लावली.

“आपन न्यायाच्या मागं लागून देवाची प्रीती विसरलो,” ते म्हणाले. “प्रीतीला मर्यादा न्हाई, मंडळी!”

पाळकसाहेबांचा चेहरा फुलला. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच.

ठराव मी लिहिला. जसे गुंठेवारीतले प्लॉट सरकार एका फटक्यात नियमित करतं, तसे आजवरचे सर्व स्वर्गवास देवाच्या अपार प्रीतीस अनुसरून, जसे आहेत तसे, नियमित करण्यात येत आहेत. ठरावात ‘वडील’ हा शब्द कुठंही येऊ दिला नाही. मात्र ‘सर्व’ म्हटल्यावर त्यात अंगदही आला. झुंबरबाईंना निरोप पाठवायची तयारी झाली.

पण ईस्टरनंतरच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव वाचला आणि गोंधळ उडाला.

“सगळेच स्वर्गात?” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. “मग आमी चाळीस वर्सं पाटं पाटं आंघोळ करून येतोय ते कशापायी?”

“माझी भावजय पन?” एका बाईंनी विचारलं.

“भावजय पण,” पाळकसाहेब हसून म्हणाले.

“मग मला तिथली घाई न्हाई,” बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

स्वतः स्वर्गात जाण्याबद्दल एकाचीही तक्रार नव्हती. अडचण होती ती सोबतीची. नरक रिकामा ठेवला तर मंडळीत शिस्त राहणार नाही, पोरं गिटार घेऊन दुसऱ्या मंडळीत पळतील, लग्नं कुठंही होतील, असं बरंच निघालं. शेवटी तडजोडीचा ठराव आला : देवाची प्रीती अपार आहे, हे ही सभा एकमुखानं मान्य करते, मात्र न्यायाचा मान राखण्यासाठी निदान एक व्यक्ती तरी बाहेर राहावी. ती कोण, हे गुप्त चिठ्ठीनं ठरवावं. जिवंत किंवा मृत, कुणाचंही नाव चालेल.

अर्पणाच्या पिशवीत चिठ्ठ्या गोळा झाल्या. इतक्या तत्परतेनं ती पिशवी भरलेली मी चौदा वर्षांत पाहिली नव्हती. कुणाला क्षणभरही विचार करावा लागला नाही. शेजारी बसलेल्यांनी तेवढा हाताचा आडोसा धरला.

एक्क्याण्णव चिठ्ठ्या निघाल्या. काकासाहेबांना सतरा, राजेश्वरीबाईंना नऊ. त्या नवांत काही त्यांचेच माजी विद्यार्थी असणार, कारण शुद्धलेखन निर्दोष होतं. मला सहा, त्यातली एक बायकोच्या अक्षरातली. पाळकसाहेबांनाही दोन होत्या. अंगदचं नाव कुणालाच आठवलं नाही.

शेवटची चिठ्ठी रेश्माच्या अक्षरात होती. ‘झुंबरबाई.’

“आक्का, हे काय?” काकासाहेब चिडले. “सोताचं नाव?”

“एक जन जायलाच पायजे म्हनता ना?” झुंबरबाई म्हणाल्या. “मग मी जाते. बाकीची समदी वर जाऊ द्या. आमचं म्हातारं धरून.”

राजेश्वरीबाईंनी नियम पाहिला. स्वतःचं नाव देण्याची तरतूद नव्हती. दुसऱ्याच्या बदली आपण जाण्याची तर कुठंच नव्हती. असं काही आमच्या मंडळीत पूर्वी घडल्याची नोंद नाही. चिठ्ठी अवैध ठरली. पाळकसाहेबांनी समोरच्या भिंतीवरच्या वधस्तंभाकडे पाहिलं. मग त्यांनी ती चिठ्ठी माझ्याकडून मागून घेतली आणि खिशात ठेवली. कामकाजाच्या दृष्टीनं हे चुकीचं होतं. मी इतिवृत्तात तशी नोंद केली आहे.

दगड मे महिन्यात बसला. झुंबरबाईंनी ‘स्वर्गवासी’ हा शब्द स्वतःच गाळायला सांगितला. “नुस्तं अंगद लिव,” त्या पाथरवटाला म्हणाल्या. “त्याला बोलावनारा नावानं बोलवील. तुमच्या कमिटीला इचारून न्हाई.”

कमिटीनं हरकत घेतली नाही, कारण आम्ही अजून फेरमोजणीत गुंतलो आहोत. काकासाहेबांच्या मागणीवरून निकाल रोखून धरला आहे, आणि एवढ्याशा मंडळीचं मत एकतर्फी असू शकतं म्हणून बाहेरच्या सुज्ञ लोकांच्या चिठ्ठ्याही मागवाव्यात, असं ठरलं आहे. तेव्हा आपलीही एक द्यावी, ही विनंती. तुम्ही उदार मनाचे आहात आणि आमच्यासारख्यांना हसत हसत इथवर आलात, हे मला दिसतं आहे. म्हणूनच जास्त काही मागत नाही. स्वर्गात जे तुम्हाला अजिबात नको आहे, असं फक्त एक नाव.

बघा, मनात आलंसुद्धा.