राणीची चौकशी

"आठ दिवस द्या. या इंजिनाची सगळी कुंडली मांडतो. कुठं धडकलं, कुठं दुरुस्त झालं, काही सुटणार नाही."

गुरुशांत सर सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे बोलले. उभी हयात शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला असं बोलायचा हक्क असतो. ऐकणारे तो मानतातच असं नाही. पण जुळे सोलापुरातल्या त्या सोसायटीत दुसऱ्या कुणी हात वर केला नाही.

प्रकरण असं होतं. वैरागच्या बाजूला बंद पडलेल्या एका साखर कारखान्याचं छोटं वाफेचं इंजिन भंगारात निघालं होतं. ऊस ओढून ओढून ते म्हातारं झालेलं. सगळे त्याला राणी म्हणायचे. कारखाना ते सोसायटीच्या बागेसाठी द्यायला तयार होता, आणि सरांचा तर त्यात जीव अडकला होता. आडवे आले चेअरमन बिरप्पा.

"आणा की," बिरप्पा म्हणाले. "पण अपघात झालेलं नको. दारात आणायचं म्हणजे स्थळासारखी चौकशी पाहिजे. डाग निघाला, तर जाऊ दे भंगारात."

सर पहिल्यांदा गेले विजापूर वेशीजवळ, रहिमतुल्ला चाचांकडे. चाचा राणीचे दिवसपाळीचे ड्रायव्हर.

"अपघात? तौबा. सर, वो तो गाय थी, गाय."

"आणि दुरुस्त्या?"

"बॉयलर बदलला. चाकं बदलली. धुराडं वादळात गेलं, ते नवीन बसवलं."

"मग मूळचं काय राहिलं?"

"शिट्टी," चाचा म्हणाले. थोडा विचार करून पुढं म्हणाले, "आणि स्वभाव."

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी कमरबी म्हणाल्या, "माझ्या डोक्याला तेल नसायचं, पण त्या काळ्या बाईला रोज लागायचं."

सर खूश झाले. तडक रातपाळीच्या रामहरी अण्णांकडे गेले आणि तिथं घोटाळा करून बसले. म्हणाले, "चाचांनी सगळं सांगितलंय. तुम्ही फक्त हो म्हणा."

कारखान्यात राबलेला माणूस एक वेळ सासऱ्याचं ऐकेल, पण दुसऱ्या शिफ्टच्या माणसाच्या बोलण्याला हो म्हणणार नाही. कारखान्यात जे काही बिघडतं, ते कायम दुसऱ्या शिफ्टमध्येच बिघडलेलं असतं.

अण्णांनी गुडघ्यावरची शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "सगळं सांगितलं? म्हशीचं सांगितलं?"

"कुठली म्हैस?"

"बघा. लपवलं की न्हाय? त्यानं दिवसा म्हैस उडवली अन् मला चार्जमधी काय दिलं? इंजिन, फावडं आणि रडणारा मालक."

सर परत चाचांकडे. "म्हैस उठून चालत गेली, सर. पण अण्णानं उसाचे डबे विहिरीत घातले, त्याचं काय?"

सर परत अण्णांकडे. "डबे गेले, व्हय. पण त्यांची कडी दिवसा कुणी लावली हुती?"

शुक्रवारपर्यंत दोघांच्या गोष्टींत राणीनं एक भिंत पाडली, एक लग्नाचा मांडव उचलून नेला आणि मिरचीच्या शेतातून आरपार जाऊन निम्म्या गावाला शिंका आणल्या. शनिवारी सरांनी विचारलं, "अण्णा, माणूस तर नाही ना गेला कुणी?"

"माणूस न्हाय," अण्णा जरा हिरमुसून म्हणाले. "पण रहिमतुल्लाच्या शिफ्टला एका मुकादमाचा फेटा गेला."

सरांना रात्री झोप लागेना. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई म्हणाल्या, "अहो, दोघांना इंजिनासमोरच उभं करा. चेअरमनना पण न्या. काय निघायचं ते निघू दे."

रविवारी चौघं जीपनं कारखान्यात गेले. दोन्ही ड्रायव्हर तोंडं फिरवून बसले होते. राणी गवतात उभी होती, गंजलेली, आणि पोटावर भंगारवाल्यानं खडूनं मोठी फुली मारलेली. अण्णा लंगडत पुढं गेले आणि उपरण्यानं फुली पुसायला लागले. चाचांनी दुसऱ्या बाजूनं रुमाल काढला.

"मग?" बिरप्पांनी विचारलं. "अपघात किती?"

"कुणाला?" अण्णा म्हणाले.

"हिला. सरांनीच सांगितलं की. म्हैस, विहीर, मांडव."

"ते मी रहिमतुल्लाबद्दल सांगितलं. हिच्याबद्दल कोण बोललं?"

"और मैं अण्णाबद्दल," चाचा म्हणाले. "ही बिचारी आम्ही नेऊ तिकडं जायची."

बिरप्पांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, राणीकडं पाहिलं, आणि मान हलवली. "आणा."

मग काय, पुढच्या रविवारी राणीला घेऊन ट्रेलर सोसायटीच्या दारात, आणि तिला पोचवायला अण्णा, चाचा आणि कमरबीही हजर. गेटातून तो मागं घ्यायचं काम सरांनी कुणाला करू दिलं नाही. ट्रेलरमागं उभं राहून, वर्गात घुमायचा त्या आवाजात, ते हात हलवत होते. "येऊ द्या. येऊ द्या. अजून येऊ द्या. भरपूर जागा आहे."

गेटचा खांब आधी नुसता वाकला. मग सावकाश, दमलेल्या पाहुण्यासारखा, बिरप्पांच्या स्कूटरवर आडवा झाला.

बिरप्पांनी राणीकडं बोट दाखवलं. तोंडातून शब्द फुटायच्या आत अण्णा आणि चाचा एकदमच पुढं झाले.

"तिची काय चूक? ती ट्रेलरवर बसून हुती," अण्णा म्हणाले.

"बिलकुल," चाचा म्हणाले. "'येऊ द्या, येऊ द्या' कोण म्हणत होतं, ते विचारा."

दोघांचं एकमत झाल्याचं कमरबींनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

राणी बागेत आहे. पोरं शिट्टीची दोरी ओढायला रांग लावतात. सरांचं संशोधनही पूर्ण झालं. पुराव्यानिशी सिद्ध झालेला अपघात एकच निघाला, आणि त्याला सबंध सोसायटी साक्षीदार आहे.