परतीचा कागद

बाबलकाका मालवणच्या बाजारात जायचे तेही आमच्या आईची परवानगी काढून. सकाळी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन ते आमच्या खळ्यात उभे राहत आणि विचारत, "वैनी, मालवणाक जातंय. दीड वाजता परत येतंय. हरकत आसा?"

आई चुलीपुढून ओरडायची, "नाय ओ भावजी, जावा!"

तेवढ्याने भागत नसे. "परत येवक हरकत नाय मां?"

त्यालाही "नाय" म्हणावे लागे. मगच ते अरबीत "याल्ला", चला, म्हणून एसटीच्या थांब्याकडे वळत. एकदा आई काजूच्या बागेत होती आणि मी मागच्या दारी कपडे धूत होते. काका खळ्यात अकरा वाजेपर्यंत उभे राहिले. तोवर बाजारातले चांगले मासे संपले. त्या दिवशी त्यांनी कुळथाची पिठी खाल्ली आणि रागावले मात्र नाहीत. "सिस्टम म्हणजे सिस्टम," एवढेच म्हणाले.

काका आमचे शेजारी. एकतीस वर्षे ते कुवेतला पाईप फिटर होते. कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत आठ माणसे, तशा खोलीत. चार वर्षांपूर्वी ते गावी आले आणि आपल्या घरात एकटेच राहू लागले. लग्न झालेले नाही. तीनदा ठरत आले होते. तिन्ही वेळा मुलीकडची माणसे विचार करत राहिली आणि काकांची रजा संपली.

एकट्याच्या घरात त्यांनी प्रत्येक वस्तूवर लाल रंगाने १४/३ असे लिहून ठेवले आहे. खोली चौदा, खाट तिसरी. तांब्यावर १४/३, खराट्यावर १४/३, झाडावर लटकलेल्या फणसावरसुद्धा. "कॅम्पात नंबर नाय घातलो तर वस्तू सगळ्यांची," ते सांगत. आमचा कोंबडा दोन दिवस हरवला होता, तो परत आला तेव्हा त्याच्या पंखावर १४/३ होते. आईने रंग काढायला रॉकेल वापरले आणि तो कोंबडा नंतर कितीतरी दिवस चिडलेला होता.

माझ्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे वाडीत कुणाचा कागद आला की माझ्याकडे येतो आणि मला निम्मे कळत नसले तरी मी मान डोलावते. काका मला 'मुदीर' म्हणतात, म्हणजे साहेब. त्यांचे बँकेचे कागद वाचता वाचता मी एकदा विचारले, "काका, तिकडे तुम्हाला काय म्हणायचे?"

"बॉम्बे."

"पण तुम्ही मुंबईत कधी होतात?"

"विमान बदलूक. चार तास." ते हसले. "थंय मी बॉम्बे, हंय मी कुवेतकार. बाबल म्हणून हाक मारी ती माझी आवस, आये. ती गेली."

हे सगळे मी गमतीने सांगत आले. पण गेल्या मार्गशीर्षात जे झाले ते तेव्हा गमतीचे नव्हते, आणि मला ते नीट सांगता येईल की नाही याची खात्री नाही.

आमच्या गावात गावपळण असते. तीन, चार, कधी पाच वर्षांनी देवाने कौल दिला की सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री गावाच्या शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळे. घरांना कुलूप लावायचे आणि शेजारच्या गावाच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, माडाच्या झापांच्या खोपी बांधायच्या. गावात फक्त देव राहतो. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवळात जाऊन पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावतात. उजवी पाकळी पडली तर गाव परत येतो. डावी पडली तर आणखी एक दिवस बाहेर. एक जरी माणूस आत राहिला तरी गावपळण मोडते, असे मानतात. मी कॉलेजात शिकते म्हणून मला विचारतात, तुझा विश्वास आहे का. मी म्हणते, माहीत नाही. पण मी कधी मागे राहिलेले नाही.

काकांच्या नशिबात एवढ्या वर्षांत एकही गावपळण आली नव्हती. प्रत्येक वेळी ते कुवेतला होते. लहानपणानंतर ही पहिली. आणि निघायच्या दिवशी दुपारी काका पडवीत खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "मी येवचंय नाय."

बाबा म्हशीला घेऊन पुढे गेले होते. आमच्या कोंबड्या टोपलीखाली होत्या. वाडीतली घरे एकेक करून बंद होत होती. कड्या घालायचे आवाज लांबून ऐकू येत होते आणि प्रत्येक आवाजानंतर गाव आणखी शांत होत होता. सूर्य माडांच्या शेंड्यापर्यंत उतरला होता. दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी शीव ओलांडायची होती.

तातू गावकर आले. ते आमच्या गावचे मुख्य मानकरी, वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र ढोलासारखा. आईने बोलावले होते.

"बाबल्या, काय रे? पाय मोडले तुझे?"

"पाय बरे आसत."

"मग ऊठ."

"माका कागद व्हयो," काका म्हणाले.

"कसलो कागद?"

"परत घेतल्याचो. भायर गेल्यार माणसाक परत घेतत, ह्या लिवन देवा. सही करा. मी आत्ता उठतंय."

तातू माझ्याकडे बघायला लागले, जणू हे मीच शिकवले होते. "देवाच्या कामात कागद खंयचो रे? माझ्या बापाशीन काडूक नाय, आज्यान काडूक नाय. तीन दिसांनी कौल होतलो, सगळे घराक येतले."

"आणि कौल नाय झालो तर?"

"तर एक दिस वाडतलो."

"वाडतलो म्हणजे किती?" काका उभे राहिले. "दुसऱ्या दिवशीय नाय झालो तर? परत एक? मगे परत एक? हिशोब काय?"

"बाबल्या, तोंड सांभाळ!" तातू ओरडले. मग एकदम खालच्या आवाजात बोलले, आणि ते मला जास्त भयंकर वाटले. "आयक. आज तू हंय रवलंस तर गावाचो नाय. तुझ्या घराक देवाची पालखी थांबाची नाय. आणि तू मेलंस तर खांदो देवक माणूस येवचो नाय. मी सांगतंय."

ते गेले. वाटेत एकदा थांबले, मागे बघितले आणि परत चालायला लागले.

मला वाटले, काकांना राग येईल. ते खाली बसले आणि म्हणाले, "वैनी, तुम्ही जावा. ह्या चेडवाक घेऊन जावा. उशीर होता."

आई पडवीच्या पायरीवर बसली. आमची आई घाईत असली की बडबडते आणि घाबरली की गप्प बसते. मग काकाच बोलले.

"वैनी, मी रिटायर होवक नाय."

आम्हाला कळले नाही.

"रजेर इलंय. दोन म्हयने. मुदीर म्हणालो, जा बाबा घराक, तिकीट धाडतलंय. सात किलोची बॅग घेऊन इलंय. दोन म्हयन्यांनी फोन केलंय, म्हणालो, सध्या रव. सध्या रव, सध्या रव, करता करता खलास. एक दिस खोलीतल्या पोरानं फोन केल्यान, बॉम्बे, तुझ्या खाटेर नवो माणूस इलो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि हंय देवळात तुम्ही माका शाल दिल्यात. नारळ दिल्यात. एकतीस वर्सां नोकरी केली म्हणून. तातून भाषण केल्यान. मी काय सांगतलंय? शाल घेतलंय."

त्या सत्काराला मी होते. मी टाळ्याही वाजवल्या होत्या. सगळ्यांत जोरात.

"थोड्या दिसांसाठी भायर जा, असा कोण म्हणता तेव्हा माका ती सात किलोची बॅग दिसता," काका म्हणाले.

लांबून नौबत ऐकू आली. ती शेवटची. तिच्यानंतर मानकरी गाव सोडतात.

आई माझ्याकडे वळली. "वही खंय गो तुझी? लिव."

मी लिहिले. घाईत अक्षर वाईट आले. कॉलेजात अर्ज लिहायला शिकवतात तसे लिहिले: श्री. बाबल हे गावपळणीनिमित्त गावाबाहेर जात आहेत. कौल मिळताच त्यांना गावात परत आणण्यात येईल. काका मागे उभे राहून वाचत होते. "'विनाअट' घाल," म्हणाले. मी घातले. मग खाली सहीची जागा सोडली आणि थांबले, कारण तिथे कुणाचे नाव घालायचे ते मला कळत नव्हते.

आईने माझ्या हातातून पेन घेतले. आई शाळेत गेलेली नाही. सही करायला ती शिकली ती माझ्या कॉलेजच्या फॉर्मसाठी, आठ दिवस पाटीवर गिरवून. त्या फॉर्मनंतर तिने कुठेच सही केली नव्हती. ती पायरीवर वाकली आणि एकेक अक्षर काढू लागली. ऊन भिंतीवरून निघून गेले. मला ओरडावेसे वाटत होते, लवकर कर. शेवटच्या अक्षरावर ती अडली, पेन उचलून विचार केला, आणि मग काना दिला.

"घेवा," ती म्हणाली. "तुमका परत आणूक नाय तर मीय घरात पाय ठेवचंय नाय."

काकांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, दाराला कुलूप घातले. आम्ही धावतच निघालो, आई कोंबड्यांची टोपली घेऊन, काका बादली घेऊन. शिवेवर तातू उभे होते. सगळे मानकरी पलीकडे गेले होते आणि तातूंचा एक पाय मात्र अजून आत होता. आम्ही ओलांडल्यावर त्यांनी तो बाहेर घेतला.

सड्यावर पाण्यावरून पहिल्याच सकाळी भांडण झाले. पाणी लांबच्या एका बोअरवेलला आणि बायकांची रांग. काकांनी भांडण ऐकले, कुठूनतरी काळ्या पाईपाचे वेटोळे आणवले आणि दुपारपर्यंत खोपींच्या मधोमध नळ आला. मग आंघोळीचे नंबर लावले. सहा ते सहा-वीस पहिली खोप, सहा-वीस ते सहा-चाळीस दुसरी. तातूंना सातवा नंबर मिळाला. "मी मुख्य मानकरी आसंय रे!" ते म्हणाले. काका म्हणाले, "नळाक मानकरी कळणत नाय." सगळा सडा हसला. पोरे "बाबलकाका, आमचो नंबर!" म्हणून त्यांच्या मागे फिरू लागली. कुवेतकार कुणी म्हणत नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे शिवेजवळ उभे होतो. कौल झाला तर देवळातून ढोल वाजणार होता. आठ वाजले, नऊ वाजले. गुरेसुद्धा गप्प होती. मग ढोलाऐवजी तातू स्वतः चालत आले आणि मान हलवली. डावी पाकळी.

मी काकांकडे बघितले नाही. आईने बघितले. तिचा चेहरा उतरला होता, जणू पाकळी तिच्या हातून पडली होती. "भावजी," ती म्हणाली, "एकच दिस ओ."

काकांनी खिशातला कागद चाचपून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे उद्याचे नंबर परत लावूक व्हयेत," आणि माझ्याकडे वही मागितली.

पाचव्या दिवशी ढोल वाजला. लोक धावलेच. खोपी मोडून झाप गाड्यांवर चढले, म्हशी सुटल्या, पोरे ओरडत उताराला लागली. पाईप काढायचे काम काकांचे. मी मदतीला थांबले. ते फार सावकाश गुंडाळत होते, प्रत्येक फेऱ्याला पाईपातले पाणी झाडून.

"काका, चला. तुम्हालाच तर घरी जायची घाई होती."

"होती गो." त्यांनी एक फेरा घेतला. "हंय कोण रातचो खोकलो तरी आयकाक येय. तातू खोकता तो वेगळो, तुझी आवस खोकता ती वेगळी. घरात मी खोकलंय तर मीच आयकतंय."

मी दुसरे टोक धरून उभी राहिले.

"पुढची गावपळण कधी?" त्यांनी विचारले.

"तीन वर्षांनी. कधी पाचही लागतात. देव सांगेल तेव्हा."

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग वेटोळे खांद्यावर चढवले.

"पाच म्हणजे माका लांब पडता गो," ते म्हणाले, आणि रिकाम्या सड्यावरून सगळ्यांच्या मागून चालू लागले.