सातवी बरगडी

कळमनुरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या वसंतरावांसमोर ‘जवळच आहे’ असं म्हणायची सोय नाही. माझ्या बायकोला भेटायला आलेल्या सासूबाईंनी त्यांना एकदा बसस्टँड कुठं म्हणून विचारलं. “तीनशे चाळीस पावलं,” ते म्हणाले. मग सासूबाईंच्या चपलांकडे पाहून, “तुमची चारशे धरा.”

त्यांनी जन्मभर मोजणी खात्यात लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. निवृत्त झाले तरी डोक्यातली मोजणीची साखळी काही गुंडाळली नाही. ‘अंदाजे बोलू नका’ हे त्यांचं पालुपद. आठवडी बाजारात बाई म्हणाली, कोथिंबीर ताजी हाय, तर यांचं, “किती वाजता उपटली?” घरात त्यांच्या पत्नी कुसुमकाकू म्हणाल्या, डोकं दुखून राहिलं, तर “कोन्या बाजूनं? बोट ठेवून दाखव.” काकू बोट ठेवायच्या नाहीत. पोळ्या लाटत राहायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकूंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. सगळं ठीक चाललं होतं. यंदा हाडांच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूच्या सातव्या बरगडीत एक काळा ठिपका दिसला. आजार हाडात उतरला असेल किंवा नसेल. तेवढा तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. हैदराबादला जायचं ठरलं. त्यांची मुलगी परदेशात, म्हणून सोबत मी गेलो.

तिथल्या सर्जनबाईंसमोर वसंतरावांनी पिशवीतून एक कागद काढला. काकूंच्या बरगड्यांचा नकाशा. प्रत्येक बरगडीला नंबर आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण.

“मॅडम, सब बरगड्या एकसरीखी. ठिपका सातवी पे है, आपने आठवी काटी तो?”

मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. बाईंनी मात्र नकाशा नीट पाहिला. “सवाल बराबर है, चाचा. ऊपर से हमको भी समझता नहीं.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. ऑपरेशनच्या सकाळी काकूंना किरणोत्सारी औषधाचं थोडंसं इंजेक्शन द्यायचं. ते हाडांमध्ये जातं आणि बिघाड असेल तिथं जास्त साठतं. ऑपरेशन चालू असताना जाड पेनासारखं एक यंत्र बरगड्यांवरून फिरवायचं. ठिपका जवळ आला की त्याचा आवाज वाढतो. तिथंच कापायचं.

“कितने फूट का फरक पकडते?”

“फूट नहीं चाचा, थोडे मिलिमीटर.”

 वसंतरावांनी नकाशाची घडी घातली आणि, मी पाहत नाही असं समजून, काकूंच्या पदराचं टोक मुठीत धरून बसले.

ऑपरेशन नीट झालं. काढलेल्या तुकड्याजवळ यंत्र वाजत होतं आणि उरलेल्या बरगडीपाशी ते शांत झालं होतं, असं बाईंनी बाहेर येऊन सांगितलं. काही दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. हाड कधीतरी चिरलं होतं आणि आपलं आपण सांधत आलं होतं.

“कभी गिरे थे क्या, अम्मा?” बाईंनी विचारलं.

“दिवाळीच्या साफसफाईत. स्टुलावरून,” काकू म्हणाल्या.

“मला काहून सांगितलं न्हाई?” वसंतरावांचा आवाज चढला.

“सांगितलं की. कूस दुखती म्हणलं. तुमी म्हणले, नेमकं कुठं ते सांग. मला सांगता येईना. मंग राहू दिलं.”

काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. वसंतराव रिपोर्टकडे पाहत राहिले. कागद उलटा धरला होता.

परतताना नांदेडहून जीप केली. वारंगा फाट्यावर चहाला थांबलो. धक्क्यांनी टाके ओढत होते. काकू दोन्ही हातांनी कूस धरून बाकावर बसल्या होत्या. चारचौघांत बायकोशी धड दोन शब्द न बोलणारा हा माणूस तिच्या पुढ्यात वाकला. बशीत चहा ओतला, फुंकला, आधी स्वतः ओठ लावून पाहिला आणि मग बशी तिच्या तोंडाशी धरली. बाजूला उभे असलेले ट्रकवाले बघायला लागले.

“लोक पाहून राहिले,” काकू हळूच म्हणाल्या.

“पाहू दे,” वसंतराव म्हणाले आणि उरलेला चहा बशीत ओतला. त्यांचा स्वतःचा कप टपरीच्या फळीवर तसाच निवत होता.