हमीदभाऊंचा फोकस

आमच्या मूल गावात कॅमेऱ्याशी भांडणारा माणूस एकच, हमीदभाऊ. त्यांच्या स्टुडिओतून "अबे, लावली ना लेन्स! दिसत नाई का तुले?" असं ओरडणं आलं की समजावं, गिऱ्हाईक आलं. कॅमेरा डिजिटल, पण सगळ्यात स्वस्तातला. त्याच्यावर भाऊ बसवतात चाळीस वर्षांपूर्वीची, हातानं फिरवायची लेन्स. कॅमेऱ्याला ती ओळखता येत नाही. तो पडद्यावर 'लेन्स लावा' असं दाखवत बसतो आणि भाऊ त्याचं खानदान काढत बसतात.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांना लागून, मधली भिंत एका विटेची. हा तमाशा मला बारा महिने फुकट.

"भाऊ, नवीन लेन्स आपोआप फोकस करते म्हणे. घ्या ना एखादी," मी एकदा सांगून पाहिलं.

"आपोआप? मग मी काऊन बसलो इथी? माशा मारायले?"

साध्या पासपोर्ट फोटोलाही दहा मिनिटं लागतात. डोळे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, डावा हात लेन्सच्या रिंगवर, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि तोंडानं, "हलू नका, येऊन राह्यला, येऊन राह्यला!" चिमूरकडचे एक म्हातारबा तर फोकस येईस्तोवर स्टुलावर घोरायला लागले. एकदा भाऊ जंगलात गेले. वाघ समोर आला, रस्ता ओलांडून निघूनही गेला. फोटो आला मागच्या सागाचा! "पानाच्या शिरा पाहा, शिरा!" करत तो त्यांनी मला आठवडाभर दाखवला. वाघाचं विचारलं तर म्हणाले, "तो हलला ना."

नागपूरच्या जुन्या बाजारातून ते असल्या लेन्स शोधून आणतात. पावसाळ्यात लेन्सना बुरशी धरते, म्हणून फडक्यात बांधून तांदळाच्या कोठीत पुरून ठेवतात. त्यांच्या बायको शकीलाभाभी एकदा तांदूळ काढायला गेल्या, तर मापात लेन्स. ती हातात घेऊन भाभी थेट माझ्या दुकानात. "दादा, सांगा मले, हे किती शिट्ट्यांत शिजते?"

आणि आणलेली प्रत्येक लेन्स तपासायची ती भाभींवरच. भाभी दिवसभर शिलाई मशीनवर. एरवी फोटोला बस म्हटलं तर "मले कामं नाईत का?" म्हणून उडवून लावायच्या. पण लेन्स तपासायची म्हटलं की कुरकुरत का होईना, येऊन बसायच्या. मला वाटायचं, या माणसाच्या खुळापायी बिचारी किती सोसते!

गेल्या महिन्यात भाभींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, वय आहे, साखर आहे, खात्री देत नाही. निघायच्या दिवशी सकाळी जीप दारात उभी, मुलगी पिशव्या घेऊन आत बसलेली. आणि भाऊ म्हणतात काय, "नवीन लेन्स आली आहे. पाच मिनिटं बस."

नवीन कसली डोंबलाची! रोजचीच होती, मी काय ओळखत नाही? माझं तर डोकंच फिरलं. भाभी मात्र स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला.

"हिलो मत," भाऊ म्हणाले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. शेवटी मी तणतणत आत गेलो. "भाऊ, दाबा ना एकदाचं बटण!" म्हणत त्यांच्या खांद्यावरून पडद्यावर पाहिलं.

भाभींचा चेहरा लख्ख दिसत होता. नाकातली चमकी, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, पापणीचा केस न् केस. फोकस केव्हाच आला होता. भाऊंची बोटं रिंगवर नुसती ठेवलेली होती. बटण दाबलं की भाभी उठणार होत्या. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"येऊन राह्यला," भाऊ पुटपुटले.

भाभींनी मान न हलवता माझ्याकडे पाहिलं.

"दादा, ड्रायव्हरले चहा पाजा," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांच्या फोकसले अजून टाइम आहे. मी बसली आहे."