बाबलकाकांचा पेशंट

बाबलकाका ट्रक सुरू करण्याआधी त्याला विचारतात, "तक्रार काय आणि कधीपासून?" ट्रक काही बोलत नाही. मग काका स्वतःच उत्तर देतात, ते कागदावर लिहितात, खाली तारीख घालतात आणि त्यानंतरच चावी फिरवतात.

मी हे रोज पाहते. जामसंड्यात आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मध्ये फक्त एक बुटका चिऱ्याचा गडगा आहे. माझी नोकरी पुण्याच्या कंपनीत असली तरी काम घरून चालतं, आणि आमच्या घरात नेटवर्क फक्त पडवीत येतं. त्यामुळे सकाळी नऊपासून माझ्यासमोर लॅपटॉप असतो आणि लॅपटॉपच्या मागे काकांचा ट्रक.

काका तीस वर्षं इथल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला. डॉक्टरांच्या घरच्यांनी सांगितलं, आठवण म्हणून काय हवं ते न्या. काकांनी स्टेथोस्कोप नेला, सुया उकळायचा पत्र्याचा डबा नेला, दोन चिमटे आणि कोऱ्या केसपेपरांचा एक गठ्ठा नेला. मग हे सगळं वापरायला पेशंट हवा म्हणून की काय, त्यांनी एक जुना छोटा ट्रक घेतला. पेट्रोलवर चालणारा, तीन सिलेंडरचा, ड्रायव्हरशेजारची सीट उचलली की खाली इंजिन दिसतं असा. हंगामात आजूबाजूच्या बागांतल्या आंब्याच्या पेट्या ते त्यातून पोचवतात.

ट्रकमध्ये पेट्रोल भरलं की काका म्हणतात, "सलायन लावलां." पंक्चर झालं की "जखम आसा, पण खोल नाय." एकदा हॉर्न वाजेना. काकांनी "घसो बसलो" असं निदान केलं आणि हॉर्नला दोन दिवस बोलायची बंदी केली. तिसऱ्या दिवशी तो वाजला. या एका केसच्या जोरावर त्यांनी नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडे जाणं कायमचं सोडलं.

चालवतातही ते पेशंट आत झोपलेला असल्यासारखं. मी स्वतः पाहिलं आहे, त्यांना एका कोंबडीने ओव्हरटेक केलं. काकांनी तिला हात दाखवून वाट दिली.

तर या ट्रकचे स्पार्क प्लग जुने झाले होते म्हणून काकांनी नवे तीन आणले. बसवण्याआधी ते सुयांच्या डब्यात वीस मिनिटं उकळले.

"नवीन आसत ते," काकी म्हणाली. "खोक्यात्सून काढलेले."

"सुईसुद्धा नवीनच असता," काका म्हणाले. "म्हणान कोण तशीच टोचता काय?"

"मगे तेच्यात माझी अंडीपण घाला. गॅस तरी वाचात."

प्लग बसले आणि ट्रकला थंडी भरली. चालताना फारसं जाणवायचं नाही, पण न्यूट्रलवर उभा केला की सगळं अंग हलायचं. आरसा हलायचा, मागच्या हौद्याची कडी वाजायची, आणि डॅशबोर्डवरचा छोटा गणपती एकसारखा मान हलवून नाही-नाही म्हणायचा.

एरवी काकांनी ही केस महिनाभर चालवली असती. पण रविवारी मुंबईहून त्यांचा मुलगा संदेश येणार होता, आणि तो काय ठरवून येणार हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, कारण काकी फोन स्पीकरवर टाकून अंगणात फिरत बोलते. "बाबा, यंदा मी स्वतः ट्रक बघणार," संदेश म्हणाला होता. "नीट असेल तर राहू दे. कुरकुर करत असेल तर विकू, आणि तुम्ही दोघं डोंबिवलीला चला. आता एकट्याने राहायचं वय नाही."

"एकट्यान खंय?" काकी फोन बंद झाल्यावर मला म्हणाली. "आमी दोघां आसो. आणि तिसऱ्या माळ्यार जावन मी काय करतलंय? दिसभर लिफ्टीचो आवाज आयकतलंय?"

बुधवारी काका गडग्यापाशी आले. हातात ट्रकचं माहितीपुस्तक. "गो बाय, तुझां इंग्लिश बरां. जरा वाचून सांग."

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात आली, मालवणी नुसती कानांनी. बोलायचं म्हटलं की मला आधी वाक्य मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. पण वाचायला माझी हरकत नव्हती. मी लॅपटॉप मिटला आणि गडगा ओलांडला.

पुस्तकात 'प्लग बदलल्यावर इंजिन थरथरत असेल तर' असं एक पानच होतं. मी मराठीत सांगत गेले. वायरी पक्क्या बसल्यात का बघा. रबरी नळी निसटली नाही ना बघा.

काकांनी स्टेथोस्कोप कानाला लावला, सीट उचलली आणि इंजिनावर ठेवला. "खोल श्वास घे," ते म्हणाले. ती सूचना माझ्यासाठी होती. मला अ‍ॅक्सिलेटर दाबायचा होता.

वायरी पक्क्या होत्या. नळी जागेवर होती. काकांनी केसपेपरवर लिहिलं: 'रोगी शुद्धीत. भूक बरी. विश्रांतीत कंप.'

"आता पुस्तक म्हणतं, प्लग काढून बघा," मी म्हणाले.

"ता शेवटचां. आदी औषधोपचार."

गुरुवारी उपास झाला. आदल्या संध्याकाळपासून ट्रकला हातही लावायचा नव्हता, "पोट हलक्यां होवंदे" म्हणून. दुपारी सुरू केला. थरथर होतीच. मग काकांनी फणसाखालची जागा बदलली, तिथे ओल असते, सर्दी होते. ट्रक उन्हात आणला आणि इंजिनाच्या झाकणावर काकीची गोधडी घातली. काकीने ती ओढून परत नेली. "उद्या तेका मी मोऱ्याचां तेलपण लावतंय," ती जाता जाता म्हणाली. मोरी म्हणजे शार्क मासा. काकांनी यावर थोडा वेळ विचार केला, असं मला वाटलं.

"प्लग काढायचे का?" मी पुन्हा विचारलं.

"तुका काय घाई आसा गो? रविवार लांब आसा."

रविवार लांब नव्हता. शुक्रवारी ते ट्रक कुणकेश्वरला नेऊन आले, हवापालट म्हणून. तिथे मंदिरापुढे तो थरथरत उभा राहिला तेव्हा एका यात्रेकरूने त्यांना विचारलं, आत कोंबड्या आहेत का. काका हे सांगताना हसले नाहीत. त्यांनी सीटवर बसून दोन वेळा पाणी मागितलं.

शनिवारी सकाळी मी न बोलावता गेले. पुस्तकातली पुढची ओळ मी रात्री नीट वाचून ठेवली होती. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, मग सुरू करून ऐकायचं. थरथर वाढली तर तो प्लग काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच बिघडलेला.

ही पद्धत काकांना पटली. "म्हणजे पेशंटाक विचारूचां, हय दुखता काय, हय दुखता काय," ते म्हणाले आणि रबरी हातमोजे घालून आले.

पहिली वायर काढली. इंजिन असं हादरलं की गणपती उलटा झाला. ती परत लावून दुसरी काढली. काहीच नाही, होती तेवढीच थरथर. तिसरी काढली. पुन्हा हादरलं.

"दुसरा," मी म्हणाले.

काकांनी इंजिन थंड होऊ दिलं. मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला. मी दुसरा प्लग काढला. त्याच्या टोकाला एक वाकडी दांडी असते, ती आणि मधला खांब यांच्यात थोडी फट हवी, तिथे ठिणगी पडते. इथे फट नव्हतीच. दांडी खाली वाकून खांबाला चिकटली होती.

मी पुस्तकातून वाचलं, "पडलेला प्लग तपासल्याशिवाय बसवू नये."

काका ट्रकच्या पायरीवर बसले.

"कधी पडला?" मी विचारलं.

"उकळून काढताना. चिमट्यात्सून." त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. "काकीन विचारल्यान, काय पडलां. मी सांगितलंय, चमचो."

मग त्यांनी हातमोजा काढला आणि उजवा हात गुडघ्यावर ठेवला. बोटं हलत होती. टोपलीतली कोळंबी जिवंत असताना हलते तशी, थोडी थांबून, पुन्हा. त्यांनी डावा हात त्यावर दाबून ठेवला.

"ह्या हातान पोरांक सुई मारलंय," ते म्हणाले. "पोराची आवस म्हणायची, झाली काय? तवसर पोरगां पँट वर करून भायर गेलेलां असायचां." थोड्या वेळाने म्हणाले, "दिवाळीपासना असां होता. गॅरेजवाल्याक हाक मारलंय असतंय, पण तेणां एकदा हात बघितल्यान तर झालां. तेच्याकडे संदेशचो नंबर आसा."

मी प्लग हातात फिरवत होते. मला एक गोष्ट आता सुचत होती, जी बुधवारीच सुचायला हवी होती. तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारा माणूस.

"काका, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं."

"डॉक्टरांचां अक्षर वाचलंय मी. ह्यां तर छापलेलां आसा."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"तू बोलत नाय म्हणान."

हे वाक्य मला आयुष्यात पुष्कळांनी ऐकवलं आहे, पाहुण्यांसमोर आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकातसुद्धा. चांगल्या अर्थाने पहिल्यांदाच ऐकलं.

फट उघडायची होती आणि ती नेमकी बाकी दोन प्लगांइतकी हवी होती. मोजायचं साधन नव्हतं. काकांनी एक केसपेपर घेतला, घड्या घालत गेले, आणि पहिल्या प्लगच्या फटीत तो घट्ट पण न अडकता सरकेल एवढ्या घड्यांवर थांबले. "आता ह्याच जाडीचां तिकडे जाऊक होयां." मी चाकूचं पातळ पातं घालून दांडी किंचित उचलली. कागद गेला नाही. पुन्हा किंचित. काका शेजारून सांगत होते, "हळू. तेका कळता नये." तिसऱ्या खेपेला कागद सरकला. मग चिनी मातीच्या भागाला तडा गेलेला नाही हे त्यांनी भिंगाखाली बघितलं आणि मी प्लग बसवला.

मी चावी फिरवली. आरसा स्थिर, कडी गप्प. सुलटा केलेला गणपती आता कशालाही नाही म्हणत नव्हता. काकांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, गरज नसताना.

रविवारी संदेश आला. त्याने ट्रक सुरू केला, सीटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि घड्याळ लावून पाच मिनिटं बघत उभा राहिला. तो बाबलकाकांचाच मुलगा आहे हे मला तेव्हा पटलं.

"काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"एक प्लग दबलेलो."

"आणि सापडला कसा?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ह्या हंगामात ड्रायव्हर ठेवतंय," ते म्हणाले. "मी बाजूक बसतलंय."

"तुम्ही? ट्रक दुसऱ्याच्या हातात देणार?"

"मोठो डॉक्टर खंय सुई मारता? तो तपासता."

संदेश हसला. गाडी बंद केली. म्हणाला, यंदा राहू दे, डोंबिवलीचं पुढच्या वर्षी बघू. आम्ही पायऱ्यांवर बसलो आणि काकीने चहा आणला. संदेशचा कप काठोकाठ, माझाही. काकांच्या कपात अर्धाच.

"आई, बाबांना एवढासाच?"

"तेंका तसोच लागता," काकी म्हणाली. "अर्धो पियतत, मगे परत अर्धो."

मी बुधवारपासून त्या घरात रोज दोन वेळा चहा प्यायले होते. काकांचा कप नेहमी भरलेला यायचा, आणि ते प्यायले की बशीत सांडलेला चहा काकी न बोलता परसात ओतून यायची.

काकांनी कपाकडे पाहिलं. मग काकीकडे. ती संदेशला खोबऱ्याची वडी घे म्हणत होती, पाठमोरी. काकांनी कप उचलला. तो हलला. चहा काठाच्या दिशेने चढला आणि काठाच्या पुष्कळ खाली राहून परत गेला.

"अर्धो घेतलो की गरम रवता," ते संदेशला म्हणाले. मग सावकाश प्यायले आणि रिकामा कप काकीपुढे धरला.